येसूबाईची पहिली वही

सत्तर दिवस देवकीनं चुकीच्या माणसाचं नाव घेतलं होतं. तेही देवासमोर, हात जोडून, चहाचा घोटसुद्धा पोटात नसताना.

तिच्या आईची शिस्तच अशी होती की पोथी असो नाहीतर साधं पुस्तक, ज्यानं लिहिलं त्याचं नाव घेतल्याशिवाय पान उघडायचं नाही. आईकडून आलेली ही रीत देवकीनं सासरी, आसनगावजवळच्या गावात, चाळीस वर्षं सांभाळली. दर चातुर्मासात ती वाचनाचा एक नेम धरायची. यंदा तिनं देसले गुरुजींचं 'आवणकाठच्या ओव्या' धरलं होतं. आवणाच्या, म्हणजे भातलावणीच्या ओव्या, रोज एक. आंघोळ झाली, तुळशीला पाणी घातलं की पाटावर पुस्तक, पुस्तकावर फूल, आणि मग "सुनील गुरुजी देसल्यांची ओवी" असं म्हणून वाचायचं. चार महिने परक्या घरचं अन्न नाही, पाणीही नाही. शेवटी द्वादशीला लिहिणाऱ्याला घरी बोलावून पानावर बसवायचं. शहापूरचे निवृत्त हेडमास्तर जेवायला येणार म्हणून तिच्या भजनी मंडळातल्या बायकांनी आषाढातच वड्या कोणी करायच्या आणि खीर कोणी, ते वाटून घेतलं होतं.

बाराव्या ओवीपाशी देवकी पहिल्यांदा अडली.

'बांधावरती लेकरू, रडं रडून निजलं
गुडघाभर चिखलात, माझं लुगडं दुधानं भिजलं'

तिनं पुस्तक मिटलं. थोरला तीन महिन्यांचा असताना ती स्वतः अशीच आवणात उभी होती. पदर पुढे ओढून, कोणी बघू नये म्हणून वाकूनच राहिली होती. हे तिनं नवऱ्यालासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

"स्नेहल, गुरुजींना कसं गो कळलं हे?" तिनं सुनेला विचारलं.

स्नेहल कल्याणला नोकरीला जायची. डब्याचं झाकण लागत नव्हतं, त्यावर मूठ मारत ती म्हणाली, "कवी आहेत ना आई. कल्पना करतात."

"कल्पनेत दूध उतरतं?"

"आता मी काय सांगू? पुस्तकावर त्यांचं नाव आहे. माझी गाडी जाईल."

पुस्तकावर नाव होतं हे खरंच. फोटोही होता. देवकीनं शंका गिळली आणि नेम पुढे चालू ठेवला. सत्तराव्या दिवशी उरल्या किती ते बघायला तिनं शेवटचं पान उलटलं. तिथे सगळ्यांचे आभार मानले होते. छापखान्याचे, जावईबापूंचे, आमदारांचे. आणि तळाला, मुंगीएवढ्या अक्षरात: 'टोकावड्याच्या साक्षरता वर्गातील एका बाईंचेही सहकार्य लाभले.'

एक बाई. छापखानेवाल्याला नाव होतं, जावयाला नाव होतं. बाईला नव्हतं.

देवकीची धाकटी बहीण सुंदरा टोकावड्यालाच दिली होती. देवकीनं तिला फोन लावला.

"अगं ताई, ती येसूबाई," सुंदरा म्हणाली. "बौद्धवाड्यातली. गाणी करते ती. लगनात, आवणात सगळ्या बायका तिचीच म्हणतात. तुला आताशी कळलं व्हय?"

दुसऱ्या दिवशी देवकीनं शहापूरहून सरळगावची एसटी धरली, तिथून टोकावडं. सुंदरानं तिला येसूबाईच्या दारापर्यंत सोडलं.

येसूबाई ऐंशीच्या पुढची, अंगानं काटकुळी, पण नजर अशी की समोरच्यानं पदर नीट करावा. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली नातवंडांच्या परीक्षांची प्रमाणपत्रं. नात श्वेता पाण्याचा तांब्या-पेला घेऊन आली आणि देवकीचा हात मांडीवरच राहिला. परक्या घरचं पाणी नाही, हा नेम. तसं सांगावं म्हणून तिनं तोंड उघडलं. येसूबाई तिच्याकडे नाही, त्या पेल्याकडे बघत होती. आयुष्यात असे पेले तिनं किती पाहिले असतील. आपण नेम म्हणू आणि इथे ऐकू काय जाईल, ते देवकीला त्या नजरेतच दिसलं.

तिनं पेला घेतला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.

मग तिनं पिशवीतून पुस्तक काढलं. "मावशी, यातलं काही तुमचं आहे का, ते विचारायला आले."

"वाच बघू. मला बारीक दिसत नाय."

देवकीनं पुस्तकातली पहिली, तिची सगळ्यात आवडती ओवी वाचली. रोजची ओवी झाली की हीच ती देवासमोर पुन्हा म्हणायची.

'वरून ओतिलं देवानं, खाली ओंजळ मी धरिली
आवणाच्या चिखलात, माझी तहान सरली'

येसूबाई हसली. हसता हसता तिला ठसका लागला. "देवानं? देव कवा आला व्हता गो पाणी वाढायला? श्वेता, ती दुसरी वही आण."

वही आली. दोनशे पानी, कडा उंदरानं कुरतडलेल्या. अक्षर मोठं, वाकडं, पण एकेक शब्द रोवल्यासारखा. श्वेतानं पान काढून दिलं आणि देवकीनं वाचलं.

'वरून ओतिलं पाटलिणीनं, खाली ओंजळ मी धरिली
निम्मी भुईनं पिली, माझी तहान तशीच उरली'

देवकीनं ओळ पुन्हा वाचली. तिची आई अशीच ओतायची. ओट्यावर उभी राहून, हात लांब करून, शिंतोडा उडू नये म्हणून पाय मागे घेऊन. ज्या आईनं लिहिणाऱ्याचं नाव घ्यायला शिकवलं, तीच. आणि आपण सत्तर दिवस ती ओंजळ देवाला वाहिली.

"साक्षरतेचा वर्ग निघाला तवा मी पन्नाशीची," येसूबाई सांगत होती. "अक्षर आलं तशी पयली वही भरली. वर्ग घेणारा गुरुजी म्हणाला, आजी, छापून आणतो. मी आजी नव्हते तवा, तरी म्हणाला. वही गेली ती गेली. आठवलं तेवढं पुन्हा या वहीत लिवलं. सगळं नाय आठवलं."

"त्यांनी पुस्तक दाखवलं नाही तुम्हाला?"

"मेला तोंड दाखवंल तर पुस्तक दाखवंल."

देवकी कधी कोणावर आवाज चढवत नसे. आताही चढवला नाही, फक्त पुस्तक मिटून पालथं ठेवलं. "मी या पुस्तकाचा नेम धरलाय मावशी. रोज वाचल्याशिवाय खात नाही. द्वादशीला लिहिणाऱ्याला जेवू घालायचं असतं. तुम्ही या. पहिलं पान तुमचं."

"मी नाय यायची," येसूबाई म्हणाली. "आन माझ्या गाण्यावर उपास करू नको बाय. मी पोटभर उपास केलेत, ते गाण्यात हायेत, वाच आन जेव. मला जेवाण नको, लुगडं नको. माझी वही आण."

पुढचे पन्नास दिवस देवकीनं श्वेतानं फोनवर पाठवलेली पानं वाचली. आधी चहा, मग "येसूबाईची ओवी" म्हणून वाचन. छापील पुस्तकात न आलेल्या कितीतरी ओव्या त्यात होत्या. मजुरी कापणाऱ्या मुकादमाच्या, दारू पिऊन आलेल्या नवऱ्याच्या, शाळेबाहेर बसवलेल्या पोरीच्या. गुरुजींनी काटा होता तेवढा नेमका काढला होता आणि फूल आपल्या नावावर लावलं होतं. देवकी वाचायची आणि हळूच पदराचं टोक चावायची.

गुरुजींना दिलेलं आमंत्रण तिनं मोडलं नाही. फोन करून एवढंच सांगितलं, "येताना टोकावड्याच्या येसूबाईंची वही घेऊन या." मग गुरुजी म्हणाले, "बघतो."

द्वादशीला ते आले. पांढरा सदरा, खांद्यावर उपरणं, हात मोकळे. मंडळातल्या सात जणी ओटीवर बसल्या होत्या. केळीच्या पानावर वड्या, खीर, वरणभात वाढून तयार. गुरुजी पाटावर बसले. देवकीनं पुस्तकावर नाही, छापून आणलेल्या वहीच्या पानांवर फूल ठेवलं.

"येसूबाईची ओवी," ती म्हणाली आणि पाटलिणीची ओवी वाचली. दोन्ही ओळी, तिच्या नेहमीच्या बारीक आवाजात.

त्या सात जणींतली कमळ जमिनीकडे बघत म्हणाली, "माझी सासूपण अशीच ओतायची."

गुरुजींनी घसा साफ केला. "देवकीताई, ओवी ही लोकांची असते. तिला कोणाचं नाव नसतं. मी फक्त ती जपली."

"मग वर तुमचं नाव कसं?"

"कोणाचं तरी घालावं लागतं."

"हो ना," देवकी म्हणाली. "कोणाचं तरी. आणि तिथे देव कोणी घातला, गुरुजी?"

"वाचणाऱ्यांना बोचू नये म्हणून थोडं संपादन..."

"बोचायलाच लिहिलं होतं तिनं. मला अडीच महिने बोचलं नाही, ते तुमच्यामुळे. वही आणलीत?"

"तीस वर्षं झाली हो. कपाटात असेल कुठंतरी. पोटमाळ्यावरही असेल. आता कोण शोधणार?"

देवकी उठली. गुरुजींच्या पुढचं वाढलेलं पान तिनं दोन्ही हातांनी अलगद उचललं, आत नेलं, त्यावर परात झाकली आणि बाहेर येऊन चपला घातल्या. मंडळातल्या जनानं तिच्याकडे बघितलं आणि तीही उठली. मग कमळ. मग बाकीच्या.

"अहो, हे काय?" गुरुजी पाटावरून अर्धवट उठत म्हणाले. "जेवण?"

"झाकून ठेवलंय. आल्यावर जेवा," देवकी म्हणाली. "शहापूर काही लांब नाही. आम्ही आठ जणी आहोत, पोटमाळा शोधायला वेळ लागायचा नाही."