धूळमापकाचं मखमली कव्हर

मित्रांनो, मी एक जुना धूळमापक आहे. अंगाने डब्याएवढा, पण तोरा मोठा! माझ्या पोटात एक इवलासा पंखा बसवला आणि काम नेमून दिलं: हवा आत ओढायची, त्यातली धूळ मोजायची आणि आकडा लक्षात ठेवायचा.

लोकांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या एका ताईंनी मला शिवणकाम करणाऱ्या मावशींच्या घरी भिंतीवर टांगलं. घरामागेच सिमेंटचा कारखाना होता. मावशींची सात वर्षांची लेक, चिमणी, सारखी धापा टाकायची. त्या गल्लीतल्या पाच घरांत आम्ही पाच भावंडं होतो. आमच्या आकड्यांनी धूळ सिद्ध झाली, तरच नगरपालिका कारखान्याला उघड्यावरचे मालाचे ढीग झाकायला लावणार होती.

मावशींनी माझे लाड केले, काय सांगू! त्यांच्या घरी मिक्सरला कव्हर, टीव्हीला कव्हर, मग मी कसा उघडा राहणार? दुसऱ्याच दिवशी उरलेल्या मखमलीचं, झालर लावलेलं कव्हर माझ्या अंगावर चढलं. ताई दर सोमवारी आकडे घ्यायला यायच्या. त्या येणार म्हणून मावशी कव्हर काढून मला पुसून लख्ख करायच्या आणि त्या गेल्या की पुन्हा चढवायच्या. खरं सांगतो, मला तो थाट आवडायचा. आत धूळ येत नाही हे कळत असूनही मी खुशाल बसून राहिलो. त्याची मला आजही लाज वाटते.

महिना संपला आणि ताई चक्रावल्या. कारखान्याला सगळ्यात जवळचं घर, सगळ्यात जास्त खोकणारी मुलगी, आणि हवा मात्र सगळ्यात स्वच्छ! कारखान्याचे साहेब तोच आकडा दाखवून म्हणू लागले, की आमचा काही संबंध नाही. मी बिघडलोय की काय, हे बघायला ताई एका गुरुवारी न कळवता आल्या आणि दारातच थबकल्या.

"मावशी, हे काय?"

"अहो, महागाची वस्तू. धूळ बसू नये म्हणून..."

बोलता बोलताच मावशींना सगळं उमगलं. कोपऱ्यात चिमणी धापा टाकत बसली होती. मावशींनी कव्हर ओढून काढलं.

"मशीन जपलं हो मी. पोरीला जपायचं राहिलं."

ताई रागावल्या नाहीत. "मी यंत्र टांगून गेले, पण ते कसं काम करतं हे नीट सांगितलंच नाही," असं त्या म्हणाल्या. जुने आकडे त्यांनी रद्द केले आणि पुन्हा महिनाभर मोजायचं ठरलं.

या वेळी मी उघडा होतो. बाप रे, काय ती धूळ! पाचही घरांत माझा आकडा सगळ्यात वरचा आला. नगरपालिकेच्या सभेत तो मावशींनीच वाचून दाखवला. सगळ्यांसमोर, एकही अंक न चुकता. मग कारखान्याच्या ढिगांवर छत आलं, रस्त्यावर पाणी मारायला सुरुवात झाली. चिमणीची धाप हळूहळू कमी झाली.

आता माझा पंखा घरघरतो. नवी, हलकी यंत्रं आली आणि मी ताईंच्या कार्यालयात कपाटावर पडून असतो. कुणी विचारत नाही, याचं वाईट वाटतं. तरी मित्रांनो, एक विनंती आहे. तुमच्या घरी माझं एखादं भावंड आलं, तर त्याला खुशाल मळू द्या. त्याच्या पोटात जाते तीच धूळ घरातल्या लहानग्याच्या छातीत जात असते. त्याला ती मोजता येते, लहानग्याला फक्त खोकता येतं.