प्रश्नाचे शब्द

दीपक कोरियातून परत आला तेव्हा त्याच्या तोंडात मराठी उरली नव्हती. तिकडे जहाजं बांधायच्या कारखान्यात तो वेल्डर होता. एका दुपारी वरून लोखंडी पट्टी निसटली आणि हेल्मेटासकट त्याचं डोकं चेचून गेली. जीव तेवढा वाचला. बरेच दिवस तिकडच्या दवाखान्यात काढून त्याला गुंगीतच गावी, सोनाळ्याला आणलं आणि घरामागच्या नव्या खोलीत निजवलं. ती खोली त्याच्याच कमाईची, पण तो गेल्यावर बांधलेली; त्यानं कधी पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको निशिगंधा चहा घेऊन गेली, तर त्यानं मान किंचित झुकवली आणि अदबीनं म्हणाला, "नुगुसेयो?"

निशिगंधाला भरून आलं. "हाव, चहा आणला," ती म्हणाली.

रोज सकाळी हेच. सासू गोजरबाई म्हणायची, "तिकडचा राम राम असन माय." आईला मात्र तो 'ओम्मा' म्हणायचा, आणि ते कळायला शिकावं लागत नव्हतं.

अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, मेंदूला मार बसला की असंही होतं. जन्माची भाषा पुसली जाते आणि मागाहून शिकलेली राहते. त्याच्याशी बोलत राहा. पण बोलायचं कसं? मोबाईलवर भाषांतर करून पाहिलं. त्याचं बोबडं बोलणं मोबाईललाही उमगेना. एकदा तो दुपारभर काहीतरी मागत राहिला. हिनं पाणी दिलं, पांघरूण दिलं, खिडकी उघडली. शेवटी त्यानं भिंतीकडे तोंड केलं आणि रडला. त्या दिवशी तिनं ठरवलं, आपणच शिकायचं.

शेगावचा अकरम आणि दीपक एकाच वर्गात कोरियन शिकले होते, एकाच कारखान्यात लागले होते. निशिगंधानं त्याला कोरियात फोन लावला.

"भाभी, नुसते शब्द घोकसान तं उद्या एक राहणार नाही," अकरम म्हणाला. "शब्दाले आपल्या घरातली खुंटी लागते. पाणी म्हंजे मुल. झाडाच्या मुळाले पाणी टाका, झालं. भात म्हंजे बाप. बाप भात खाऊन राह्यला, असं डोयापुढं आणा. डोकं म्हंजे मोरी."

"मोरी?"

"हाव. मोरीत पाय घसरला अन् डोकं आपटलं. आता जन्मात विसरान का?"

ती विसरली नाही. अकरम आवाज भरून पाठवायचा, ती स्वयंपाक करता करता ऐकायची. पाणी भरताना मोठ्यानं 'मुल' म्हणायची, ताटात भात वाढताना 'बाप'. आज शिकलेला शब्द उद्या स्वतःला विचारायचा, मग दोन-तीन दिवस सोडून, मग आठवड्यानं. विसरायला आला की नेमका तेव्हाच ओढून आणायचा, ही अकरमचीच शिकवण. सुटा शब्द टिकत नाही, म्हणून पुढं ती अख्खी वाक्यं उचलू लागली. 'मोरी आपायो', डोकं दुखतं, हे दीपकच्या तोंडून पहिल्यांदा समजलं तेव्हा ती गोळी आणायला धावतच गेली. दुखण्याचा आनंद व्हावा, असेही दिवस येतात माणसावर.

वस्तू झाल्या, अवयव झाले, खाणंपिणं झालं. प्रश्नाचे शब्द मात्र अकरम पाठवेना. "मंग पाहू," म्हणायचा. शेवटी तिनंच मोबाईलवर एक धडा शोधला आणि भाजी निवडता निवडता लावला. बाई एकेक शब्द म्हणत होती: काय, म्हणजे मो. कुठे, म्हणजे ओदी. कोण, म्हणजे नुगु.

निशिगंधाच्या हातातली जुडी तशीच राहिली. शेवटचं 'सेयो' तिला माहीत होतं. मान द्यायला लावतात ते.

तुम्ही कोण?

इतके महिने, रोज सकाळी, नवरा तिला विचारत होता, तुम्ही कोण. आणि ती हसून हो म्हणत होती.

तिनं फोन लावला. "तुमाले मालूम होतं, अकरमभाऊ?"

तो म्हणाला, "दवाखान्यात त्यानं मलेबी हेच इचारलं होतं, भाभी. म्हून ते शब्द मांगं ठेवले मी."

त्याच्यावर चिडायलाही तिच्यात बळ नव्हतं. तिनं फक्त बायकोला काय म्हणतात ते विचारून घेतलं. दुसऱ्या दिवशी चहा ठेवला, त्याच्यासमोर बसली आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाली, "आने." बायको.

दीपकनं तिच्याकडे नीट पाहिलं. मग मान हलवली, एखाद्या भल्या परक्या बाईची चूक दुरुस्त करावी तशी. "आने चिबे इस्सोयो."

सगळे शब्द तिला येत होते. बायको घरी आहे.

म्हणजे तो अजून तिकडच्याच दवाखान्यात होता. खोली पांढरी, छत अनोळखी, आई भेटायला आलेली, आणि रोज चहा आणणारी ही बाई. निशिगंधाला वाटलं, याला घरी न्यायला हवं. खरोखर न्यायला हवं. पुढच्या महिन्यात अकरम रजेवर आला, तेव्हा तिनं त्याला त्याच्या भावाची व्हॅन आणायला लावली. आल्यापासून त्या खोलीतच असलेल्या दीपकला मागच्या दारातून गाडीत बसवलं, शेगावला स्टेशनपर्यंत नेलं, तिथून वळून पुन्हा सोनाळा. वाटेत ती पुनःपुन्हा सांगत होती, "चिबे, चिबे." घरी, घरी.

गाडी पुढच्या दाराशी थांबली. दीपक उतरला. ओसरीच्या खांबावरून त्यानं हात फिरवला, आणि त्याचा चेहरा असा उजळला की गोजरबाईनं तोंडाला पदर लावला. कुबडी टेकत तो स्वयंपाकघरात गेला. परसात डोकावला. न्हाणीचं दार ढकलून पाहिलं. मग परत ओसरीवर आला, दमलेला, आणि ज्या बाईनं त्याला इथवर आणलं होतं तिलाच विचारलं, "आने ओदी इस्सोयो?"

अकरमनं तोंड फिरवलं. "काय म्हंते गं?" गोजरबाईनं विचारलं.

"बायको कोठी हाये म्हंते."

निशिगंधा त्याच्यापुढं उभी राहिली. "योगी," ती म्हणाली. इथं. "योगी इस्सोयो."

दीपकनं वाकून आभार मानले. तिच्या खांद्यावरून त्यानं रस्त्याकडे पाहिलं, भिंतीला पाठ टेकवून खाली बसला आणि बायकोची वाट पाहू लागला. निशिगंधानं त्याची कुबडी भिंतीला लावून ठेवली आणि ती चूल पेटवायला आत गेली.