चादरीतून उठलेले हात

दर गुरुवारी सकाळी सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या मंगल कार्यालयात शंभरएक माणसं उडायच्या बेतात उभी असत.

चादरबाबा भक्ताचे हात अंगालगत ठेवून वरून सोलापुरी चादर करकचून बांधत. मग गरजत, "रेटा! हात बाहेर रेटा! पाप आत दडलंय, नव्वद वेळा नाव घेऊन ढकला!" भक्त घामाघूम झाला की चादर सोडत. "आता हात ढिले. उचलणारा वर बसलाय!"

आणि खरंच, हात आपोआप खांद्यापर्यंत वर येत. माझेही आले. खोटं कशाला बोलू? लबाडी पकडायला गेलो आणि स्वतःच पंख पसरून उभा राहिलो.

माझे शेजारी हिंदुराव यांचा मात्र एकच हात उठला. तीन महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका येऊन त्यांचा उजवा हात लुळा पडला होता.

"हा हात पापी!" बाबांनी निकाल दिला. "दर गुरुवारी पाप कबूल करा. आणि ती व्यायामवाली बाई बंद. पापाला कुणी मालिश करतं का?"

"कबूल करा की हो कायतरी!" मुक्ताबाई नवऱ्याला म्हणाल्या.

हिंदुरावांनी चौथीत चोरलेला पेरू कबूल केला. मग कुर्डुवाडी ते सोलापूर विनातिकीट प्रवास. तिसऱ्या गुरुवारी पापं संपली. जन्मभर यंत्रमाग चालवलेल्या माणसाला पापाला सवड कुठली? ते माझ्या दारात आले. "तुमचं एखादं जुनं शिल्लक हाय का?" मी दोन दिली. तीही फुकट गेली.

इकडे त्यांची बोटं मुठीत वळत चालली होती. मला राहवेना. मी त्या व्यायामवाल्या बाईंना, फिजिओथेरपिस्ट धम्मप्रियाला, बोलावून आणलं.

तिनं पुढच्या गुरुवारी भर कार्यालयात हिंदुरावांचा हात तपासला. "काका, हात आखडतोय. असंच चाललं तर चमचासुद्धा धरता येणार नाही." मग गर्दीकडे वळून म्हणाली, "ह्या पेठेत सगळ्यात पापी कोण?"

एरवी कशावर एकमत न होणाऱ्या पेठेनं एका दमात शंकरप्पाकडे बोट दाखवलं. शंकरप्पानं नम्रपणे मान लववली.

"दाराच्या चौकटीत उभे राहा. पालथ्या हातांनी दोन्ही बाजू रेटा. नाव घेऊ नका, शिव्या द्या."

शंकरप्पानं मिनिटभर दिल्या, एकही पुन्हा वापरली नाही. बाहेर येताच त्याचे हात असे वर गेले की पुण्यवानांना लाज वाटावी.

मग कुणी ऐकेना. किराणा दुकानाचं दार, एटीएमचं दार, जिन्याची बोळकांडी, मिळेल तिथं लोक रेटू लागले. बंदोबस्ताचा हवालदारही दोन भिंतींमधल्या फटीत हात रेटून बाहेर आला. त्याचे हात उठताच दोन्हीकडची वाहनं निमूट थांबली.

"माझीच कृपा दारांत उतरली!" बाबा ओरडले.

"मग काकांच्या हातात का नाही उतरली?" धम्मप्रियानं विचारलं. बाबा चादरींच्या घड्या घालू लागले.

ती म्हणाली, "खांद्यावरचा हा मांसल स्नायू आवळला की हात बाजूला वर जातो. स्नायूला ढकलता येत नाही, नुसतं ओढता येतं. चौकटीत हात अडतो, पण मेंदूचा हुकूम सुटत राहतो. तुम्ही थांबलात तरी तो हुकूम काही क्षण चालूच राहतो आणि हात तुम्हाला न विचारता उठतो. काकांच्या उजव्या हातापर्यंत हुकूम धड पोचतच नाही. रोजच्या सरावानं मेंदूला नवी वाट पाडावी लागते."

हिंदुरावांनी विचारलं, "म्हंजी... माजं पाप न्हवतं?"

"नाही काका. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी झाली होती."

ते लहान मुलासारखे रडले. मला माझ्या दोन पापांची शरम वाटली. गंमत म्हणून दिली होती मी, आणि ह्या माणसानं ती स्वतःच्या नावावर भोगली.

वाचकहो, हात उठला हे खरंच होतं. पण डोळ्यांनी दिसलं म्हणून त्याचं कारणही बाबा सांगेल तेच, असं नसतं. तेच दुसऱ्या रीतीनं करून बघा. आणि आजाराला कुणी पाप म्हणालं, तर आधी डॉक्टर गाठा.

मुक्ताबाई तिथंच सतरंजीवर बसल्या. नवऱ्याची वळलेली बोटं एकेक करून उघडू लागल्या. "दुकतंय का?"

"लई दुकतंय," हिंदुराव म्हणाले. "सोडू नगंस."