आमच्या धाब्याचा उतार

“काका, छतले उतार दिधा तं मन्ही माय बिबडा कोठे सुकाडी?”

हा प्रश्न मी विचारला. भर अंगणात, सगळ्या मोठ्या माणसांसमोर! नवनीतकाकांच्या हातातली मापाची टेप सर्रकन परत डबीत गेली. आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी दहावीचा पेपर कोरा देऊन आलेय.

पैज माझ्या वर्गातल्या शीला आणि ममताची. दोघी कुंपणापलीकडे तोंडाला ओढणी लावून उभ्या होत्या. “इचारी दाखाड,” ममता सकाळी म्हणाली होती, “वर्गमा भाषण ठोकस, घरमा मांजर!” मागच्या महिन्यात मी तालुक्याच्या वक्तृत्वात पहिली आले तेव्हापासून ही बाई मला असंच डिवचते. मग काय, विचारलं.

आमचं घर ब्राह्मणपुरी गावात, धाब्याचं. म्हणजे भिंतींवर सागाच्या सऱ्या, त्यावर फळ्या, त्यावर हातभर माती. वर अंगणासारखं सपाट छत. गल्लीत आता सगळीकडे पत्रे किंवा स्लॅब. धाबं राहिलंय आमचंच. दिवसभर ऊन मिळतं, म्हणून उन्हाळ्यात अख्ख्या गल्लीचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, आमच्या छतावर पडतात. आज तापीबाईच्या घरचं पीठ, उद्या रुक्मिणीबाईच्या घरचं. बाया पहाटे वर चढतात, पातळ घाटा कापडावर थापतात, आणि काय बोलतात, काय हसतात! माझी माय, निर्मलाबाई, खाली असताना दिवसाला दहा वाक्यं बोलत असेल. वर गेली की ती अख्ख्या गल्लीची पुढारी. कुणाचा घाटा घट्ट झाला, कुणाची सून रुसली, सगळ्याचा निकाल तिच्याकडे. तिला तसं पाहायला मला इतकं आवडतं की मी उगाच पाणी घेऊन वर जाते.

पण मागच्या पावसाळ्यात धाबं गळलं. चुलीवर गळलं, माझ्या दप्तरावर गळलं. म्हणून आप्पांनी ठरवलं, माती काढायची आणि उताराचा पत्रा टाकायचा. शहाद्याहून नवनीतकाका मोजमाप घ्यायला आले. पत्र्याची कामं करणारा त्यांच्याइतका मोठ्या आवाजाचा माणूस तालुक्यात दुसरा नसेल. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा पारखावा तसे ते घराभोवती फिरत होते, भिंतीला थापट्या मारत होते.

आणि माझ्या प्रश्नावर ते गडगडाट करून हसले.

“नवलभाऊ, पोरगी वकील व्हई तुन्ही!”

“काजल, घरमा जाय,” आप्पा म्हणाले.

“थांब रे भाऊ. तिन्हा प्रश्न खरा शे.” काका खाटेवर टेकले आणि मलाच समजावू लागले. “उतार फुकट नही ऱ्हास, पोरी. कमी ठेवा तं स्वस्त, पण वाऱ्याचा पाऊस पत्र्याखाली उलटा घुसतो. चांगला उतार द्यायचा तर मधली भिंत उचला, दोन्ही टोकांना त्रिकोणी भिंती बांधा, पत्रा लांब, पाइप जास्त. दीड लाखाच्या वर जाईल. अन् बिबडे?” त्यांनी हाताने घसरगुंडी करून दाखवली. “सीधा गटारमा!”

कुंपणापलीकडे दोघी फिदीफिदी हसल्या. मी नाही हसले. कारण दारात उभी असलेली माय पदराने हात पुसत होती, आणि हात तर केव्हाचे कोरडे होते.

“माय, तू बोल ना.”

“मन्हं काय,” ती म्हणाली. “पडू द्या पत्रा.”

मला असा राग आला! “तुलेच वर जावानं ऱ्हास ना?”

“तिन्हा गुडघा पाह्य का तू?” आप्पा एकदम बोलले. पतपेढीत दिवसभर हळू बोलणारा माणूस, आवाज चढला की चिरकतो. “मागला साल मातीनी पाटी लिसन शिडीवरथून पडनी ती. दर साली तिनी माती लिसन चढावं का? मी काय हौसेनं पत्रा टाकी ऱ्हायनू?”

हे मला ठाऊकच नव्हतं. मला सांगितलं होतं की माय विहिरीवर घसरली.

म्हणजे आप्पांना मायचं छत घ्यायचं नव्हतं, तिचा गुडघा वाचवायचा होता. आणि माय त्यांच्यासाठी छत सोडायला तयार होती. दोघंही इतके चांगले की दोघांचंही नुकसान!

काय करावं सुचेना, तेव्हा मी हौदातून अर्धी बादली भरली आणि शिडी चढले. माय दर उन्हाळ्यात नवी माती टाकल्यावर हेच करते. एका कोपऱ्यात पाणी ओतते आणि उकिडवी बसून पाहते, ते कुठल्या वाटेने पन्हाळीकडे जातं. पन्हाळ म्हणजे छताचं पाणी बाहेर टाकणारी नळी. “पानी चालत जावाले जोयजे,” ती म्हणते, “पयाले नको. पयनं तं माती लई जास.” तिचा उतार डोळ्यांना दिसतही नाही, फक्त पाण्याला कळतो.

मी ओतलं. पाणी चाललंही नाही, पळालंही नाही. जिथल्या तिथे उभं राहिलं, मग बोटभर रुंद भेगेत गडप झालं. आणि खालून आरोळी आली. काका सावलीसाठी खाट ओसरीत ओढून बसले होते, बरोबर भेगेखाली.

“मन्ही टोपी!”

डोकं पुसत ते वर आले. मातीचं ढेकूळ फोडून त्यांनी वास घेतला. “नवलभाऊ, धाब्यावर खारी माती टाकतात, पांढरी. ती भिजली की दबून बसते. हाई काळी माती कोनी टाकी?”

खालून आप्पांचा आवाज आला, “मी. तिन्हा गुडघा दुखे ना. वावरनी शे. चांगली शे.”

“कापूसले चांगली शे!”

सगळे हसले. शीला-ममता तर कुंपणच मोडायच्या बाकी होत्या. शेतातली काळी माती, ती उन्हात फाटणारच. वर आप्पांनी ती पतपेढीतल्या टेबलासारखी एकसारखी सपाट केली होती, मायचा उतार बुजवून! पण मला आप्पांचं फार कौतुक वाटलं. एकट्याने सगळी माती वर नेली होती त्यांनी, आणि कुणाला बोलले नव्हते.

“तं मंग पत्रा नको?” मायने खालून विचारलं. तिचा आवाज वरच्यासारखा झाला होता, बायांमध्ये असतो तसा.

“वैनी, माझा धंदा बुडतोय, पण खरं सांगतो,” काका म्हणाले. “सऱ्या लोखंडासारख्या आहेत. काळी माती उतरवा, खारी टाका, पन्हाळीकडे उतार द्या. दोन-तीन ट्रॉल्यांत काम होईल. पण धाबं राखाले घरमा एक मानूस लागस. दर साल. पत्र्याची किंमत एकदाच द्यायची, याची कायम. ती कोन दी, ते तुम्ही ठरवा.”

आप्पांनी मायच्या गुडघ्याकडे पाहिलं. मायने शिडीकडे.

मी छताच्या काठावर उभी होते. वरून आमचं अंगण किती लहान दिसतं, आणि ते दोघं किती जवळ.

“आप्पा, माय, आयका,” मी म्हटलं. कुंपणापलीकडचं हसू थांबलं. “सुट्टीमा सुरतले मामाकडे जावानं रद्द. आखाजीना सणना पहिले खारी माती मी टाकसू. मायनी खाले बसीसन फक्त सांगानं, उतार मी देसू. या साली बी, अन् पुढला साली बी. मी ठराई टाकं.”