दूधभाताची शपथ

“कमळ्या, हे पुस्तक घे आन् विंगेत बसून वाक्यं सांग,” देवू मास्तर म्हणाले. “यंदा ताराराणी पालघरची बाय करते. आमी ठरवलाय तसा.”

चौदा वर्षं चिंचणीच्या जत्रेतल्या नाटकात ताराराणी मी केली होती. बोईसरच्या एका कारखान्यात फिटर होतो, पण जत्रा आली की मिशी उतरवायचो. पाळीतले हिंदीवाले ‘रानीजी’ म्हणून चिडवायचे, तेही गोड वाटायचं. एकोणऐंशी साली मंडळाला खरी बाई हवीशी झाली. तिचं नाव विजया. मला उशा आणि टाचण्यांनी जे जमवावं लागायचं, ते तिला देवानंच दिलेलं. सरळ सांगतो, मी जळलो.

नाटक मास्तरांनीच लिहिलेलं. औरंगजेब मेल्यावर शाहूराजे सुटून येतात आणि गादी मागतात. ताराराणी म्हणते, सात वर्षं मोगलांशी लढले मी, गादी माझ्या मुलाची. मराठ्यांतच जुंपते. राणी सरदारांना दूधभातावर हात ठेवून शपथ घ्यायला लावते, तरी खेडच्या रणात सेनापती धनाजी तिला सोडून शाहूंकडे जातो. दरवर्षी तिथे धनाजीला टाळ्या पडायच्या आणि मला ओरडा, “कजाग बाय! घर फोडलास!” मला वाईट वाटायचं ते तिच्यासाठी. तिची बाजू त्या गावात माझ्याशिवाय कुणाला ठाऊक होती?

धनाजी व्हायचा जिव्या तांडेल. स्वतःची बोट असलेला, दर्यावर जाणारा माणूस. खऱ्या अन्नावर घेतलेली शपथ मोडायची त्याची छाती नव्हती. म्हणून ताटात दरवर्षी भिजवलेला कापूस असायचा, आणि ते ताट मी लावायचो.

रात्रीच्या भरतीला बोटी निघायच्या, त्यामुळे नाटक दुपारी चारलाच सुरू व्हायचं. त्याआधी विजयानं मला विचारलं, “कमलाकांतभाऊ, धनाजी गेल्यावर राणी रडते का हो?”

“नाही,” मी म्हणालो. “नुसती उभी राहते.”

एवढ्या वर्षांत कमावलेलं मी तिला फुकट देऊन बसलो. मग ते इतकं झोंबलं की तडक घरी गेलो, बायकोकडून, म्हणजे ठमीकडून, वाटीभर दूधभात आणला आणि कापूस फेकून दिला. जिव्या हात मागे घेईल, प्रवेश फसेल आणि लोक म्हणतील कमळ्याच बरा होता, एवढाच माझा डाव.

जिव्यानं ताटात हात घातला आणि थबकला. बोटांना शितं लागली होती. त्यानं विंगेकडे पाहिलं. मी पुस्तकात तोंड खुपसलं. समोर गाव बसलेलं. शेवटी डोळे मिटून त्यानं शपथ घेतली.

आत आल्यावर माझा दंड धरला. “खरा भात व्हता.”

“अरे, नाटक हाय.”

“तुला नाटक. मला आज दर्यात जायचा हाय.”

खेडच्या रणात शाहू झालेला जानू हात पसरून उभा राहिला. जिव्या हलेना. मास्तर समोरच्या विंगेतून खुणा करून थकले. तेव्हा तलवार टेकवून जिव्या मोठ्यानं म्हणाला, “मी नाय जाणार. दूधभातावर शपथ घेतलीय. बायला सोडून नाय जाणार.”

आणि तो विजयाच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

मांडवात नुसता कल्ला. चौदा वर्षं हाच माणूस याच जागी मला टाकून गेला होता, आणि हिच्यासाठी पहिल्याच खेपेला थांबला. थांबवला मीच होता, हे तर आणखी वाईट.

विजयानं विंगेकडे पाहिलं. पुढचं वाक्य पुस्तकात नव्हतंच. होऊ दे फजिती, असं मनात आलं. पण फजिती तिची एकटीची झाली नसती; तिच्या अंगावर राणी होती.

मी पुस्तक मिटलं आणि हळूच तिला माझंच एक वाक्य सांगितलं. तिनं ते खणखणीत उचललं, “सेनापती, उद्या लोक मला घर फोडणारी म्हणतील. म्हणू देत. तुम्ही थांबलात, एवढं मला पुरे.”

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. “वा राणी! वा!” असं पहिल्या रांगेतून कुणीतरी ओरडलं. ती ठमी होती. मला ती असं कधी म्हणाली नव्हती.

पडदा पाडायची दोरीही विंगेत माझ्याच हातात होती. टाळ्या थांबेपर्यंत मी ती सोडली नाही.