नळीवरचा पिवळा दोरा

मित्रांनो, मी एक जुनी काचेची नळी आहे. हातभर लांब, मनगटाएवढी जाड, खाली छोटी तोटी. माझ्या ओठाचा एक टवका उडालेला आहे आणि अंगाला लोकरीचा पिवळा दोरा बांधलेला आहे. टवका धक्का लागून उडाला. दोरा मात्र मी कमावलेला आहे, आणि त्याचीच ही हकिगत.

माझा जन्म वाळूतून झाला. वाळू, सोडा आणि आणखी काही भट्टीत वितळवून काच झाली. मग एका कारागिराने ज्योतीवर फिरवत मला तोटी जोडली. १९९४ साली शाहूपुरीतल्या एका दुकानातून मी कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आले. तिथे दोन वर्षे नुसती कपाटात उभी होते. कपाटात काचेला धोका नसतो, पण तिचा उपयोगही नसतो.

१९९६ च्या मे महिन्यात रसायनशास्त्राच्या त्रिशला मॅडमनी मला बाहेर काढले आणि गावच्या ओढ्याच्या पाण्यावर प्रयोग करू पाहणाऱ्या विद्याश्री नावाच्या विद्यार्थिनीच्या हाती दिले. "फुटली तर चालेल, पण निष्कर्ष खोटा आणू नकोस," एवढेच त्या म्हणाल्या.

विद्याश्रीचे गाव बिद्रीच्या वाटेवर. तिचे वडील शिवमूर्ती यांची तिथे ओढ्याकाठी रंगाईची शेड होती. शेडमध्ये ॲक्रिलिकचे सूत रंगवत. त्याला सगळे लोकरच म्हणत. अकरा बायका त्या लोकरीचे बैलांसाठी गोंडे बांधत. जूनमध्ये कर्नाटकी बेंदूर असतो, बैलांचा सण. त्याआधी महिनाभर शेडमध्ये कुणाला उसंत नसे. रंगवून उरलेले निळे पाणी ओढ्यात जाई, आणि खालच्या अंगाला गावची जनावरे तेच पीत.

त्या वर्षी शालूबाईंच्या बैलाचे तोंड निळे झाले. शालूबाई एकटीने शेती करणाऱ्या, आवाजाने खणखणीत. त्या थेट शेडच्या दारात आल्या.

"तुझं गोंडं गळ्यात बांधायचं आणि तुझंच रंगाचं पानी पाजायचं व्हय रं, शिवमूर्ती?"

गावही त्यांच्या बाजूने झाले. बेंदराच्या सकाळी बैल ओढ्यात धुतात. त्या दिवशी पाणी निळे दिसले तर शेडला कुलूप, असे ठरले.

शेड आणि ओढा दोन्ही वाचवायचे होते. हातात पंचवीस दिवस होते. गावाभोवती गुऱ्हाळे होती आणि प्रत्येक गुऱ्हाळामागे चिपाडाचा ढीग होता. चिपाड म्हणजे रस काढून उरलेला ऊस. विद्याश्रीने ते वाळवून कुटले, चाळले आणि माझ्यात भरून वरून शेडचे पाणी ओतले. निळा रंग वरच्या थरातच अडकला. तोटीतून मात्र तपकिरी पाणी पडले.

शिवमूर्ती वाकून बघत म्हणाले, "निळं गेलं खरं, पन चहा आला की."

दुसऱ्या दिवशी माझ्या तोंडाशी मुंग्यांची रांग लागली. चिपाडात रसाचा अंश उरला होता आणि तोच पाण्यात उतरत होता. उसाच्या गावात वाढूनही आपण चिपाडातला गोडवा विसरलो, याचे विद्याश्रीला हसू आले. मग तिने चिपाड उकळले, धुतले, पुन्हा उकळले. सातव्या वेळी धुण्याचे पाणी नितळ निघाले. त्यानंतर माझ्यातून पडलेले पाणीही नितळ होते.

मित्रांनो, त्या रंगाच्या कणांवर धन विद्युतभार असतो आणि चिपाडाच्या तंतूंवर ऋण भाराच्या जागा असतात. म्हणून रंग तंतूंना चिकटतो. पण त्या जागा मोजक्याच. त्या भरल्या की पुढचा रंग खालच्या थरात सरकतो. पत्र्याच्या पिंपात हे घडताना दिसत नाही. माझ्यात दिसते.

बेंदराला आठ दिवस उरले तेव्हा गाव शेडसमोर जमले. विद्याश्रीने मला स्टँडवर लावले. वरून निळे पाणी गेले, खालून नितळ थेंब पडू लागले. लोक पुढे सरकले. कुणीतरी टाळी वाजवली. शिवमूर्तींचा चेहरा उजळला आणि त्यांनी माझ्या तोटीकडे हात नेला.

"बास, बघितलं की सगळ्यांनी."

"आप्पा, बंद करू नका," विद्याश्री म्हणाली.

निळी रेघ माझ्या पोटातून खाली येत होती. अर्धे अंग निळे झाले, मग पाऊण. शेवटी तोटीतून निळा थेंब पडला. टाळ्या थांबल्या. शिवमूर्तींनी मान खाली घातली.

"चिपाडाचं पोट भरलं की असं होतंय," विद्याश्री म्हणाली. "त्याच्या आधी ते बदलायला लागतं. आज एकदा दाखवून भागायचं न्हाई, रोज बघावं लागंल."

शालूबाईंनी कमरेवर हात ठेवले. "आणि रोज बघणार कोण? तुझा बा?"

"ही नळी दाखवंल. बघायला कुणीतरी पायजे."

विद्याश्रीने गोंड्यातला एक पिवळा दोरा तोडला आणि माझ्या अंगावर खालून चार बोटे सोडून बांधला. रेघ इथवर आली की चिपाड बदलायचे.

शालूबाईंनी वाकून दोऱ्यावर बोट ठेवले. "जिथं फसतंय ते सोताच दावलंस, पोरी," त्या म्हणाल्या. "मग मीच बघतो रोज. बैलं घिऊन येतोच की हिकडं."

त्या आठवड्यात शेडमध्ये धुतलेल्या चिपाडाची तीन मोठी पिंपे एकामागे एक बसली. शेवटच्या पिंपातून निघणारे थोडे पाणी सतत माझ्यातून जाई. रेघ दोऱ्यापाशी आली की पिंपांतले आणि माझे, सगळे चिपाड बदलत. रंग नाहीसा होत नाही, तो जागा बदलतो. म्हणून वापरलेले चिपाड ओढ्यापासून लांब, फरशीवर वाळवत आणि रंगाईच्या भट्टीत जाळत.

बेंदराच्या सकाळी बैल ओढ्यात उतरले. गळ्यातले गोंडे निळे होते आणि पाणी ओढ्याचे असते तसे मातकट होते. मातकट पाणी बघून मला जेवढा अभिमान वाटला, तेवढा कुणाला क्वचितच वाटला असेल.

शेडला कुलूप लागले नाही. पुढे वर्षे गेली. विद्याश्री नोकरीसाठी लांब गेली, शालूबाई थकल्या, शेडमध्ये नवी माणसे आली. सगळे सुरळीत होते म्हणून माझ्याकडे बघणे हळूहळू बंद झाले. २००५ साली एकदा दोरा निळ्यात बुडाला आणि चार दिवस कुणाला कळले नाही. मला ओरडता येत नव्हते. पाचव्या दिवशी काठी टेकत शालूबाई आल्या. त्यांनी पदराने माझ्यावरची धूळ पुसली.

"दोरा बुडाला की रं. डोळं कुठं ठेवल्यात सगळ्यांनी?"

दुपारपर्यंत तिन्ही पिंपांतले चिपाड बदलले होते.

पुढे तीन वर्षांनी शेडला मोठी यंत्रणा बसली आणि मी गावच्या शाळेतल्या विज्ञानाच्या कपाटात आले. मित्रांनो, रंग मी कधीच अडवला नाही. तो चिपाडाने अडवला. मी फक्त खरे ते दाखवले, शिवमूर्तींना मान खाली घालावी लागली त्या दिवशीसुद्धा. तुमच्या गावातही पाणी कुठूनतरी निघते आणि कुठेतरी जाते. त्यावर एक दोरा बांधा, आणि सगळे ठीक चालले असेल त्या दिवशीही तो बघायला जा.