आकड्यांचे सूर

सिंगापूरच्या त्या दुकानदाराच्या नावाने मी चार दिवस बोटं मोडत होतो. "सीडीवर सूर नसतात, आकडे असतात," असं त्याने मला समजावलं होतं. "आकड्यांचे सूर तुमचा प्लेअर कसेबसे करतो. हा वेगळा डबा जोडा, मग ऐका." बावीस वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये घाम गाळला तो एकाच आशेवर, की राजिवड्याच्या घरी कायमचं परतायचं आणि पाय पसरून संतूर ऐकायचं. प्लेअर मागच्या खेपेला आणला होता. त्याचा आवाज गोधडीखालून आल्यासारखा. यंदा, एकोणनव्वद साली, डबाही आणला. तरी गोधडी तशीच.

त्यात घरात ही आरडाओरड! माझी बायको खतिजा 'चहा घ्या' म्हणायची तेही डोंगरमाथ्याच्या सड्यावरून हाक मारल्यासारखं. मुलगी नसीमा तिच्यावर ताण. चौथ्या दिवशी सकाळी माझं टाळकं फिरलं.

"ह्या घर हाय का मच्छीबाजार?" मी कडाडलो. "आजपासून कोन वरडला तर माज्याशी गाठ हाय!"

दोघी गप्प झाल्या. मग मी बाजारातून लवूला बोलावलं. रेडिओ दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा गावात कोणी नाही. पण त्याने डबा उघडला, वायरी तपासल्या आणि हात झटकले.

"अकबरचाचा," तो मोठ्याने म्हणाला, "डब्याला काय धाड भरलेली नाय!"

"मग खाऱ्या हवेनं पिना गंजल्या असतील."

"कोऱ्या करकरीत हायत. थांबा, गंमत दाखवतो."

त्याने जोडणीवर टॉवेल टाकला, आत हात घालून वायर कधी डब्याला जोडली, कधी थेट प्लेअरला, आणि दर वेळी तोच तुकडा लावून विचारलं, "आता डबा हाय काय नाय?" नसीमाने मान हलवून उत्तर दिलं. पाच वेळा विचारलं, पाचही वेळा बरोबर. खतिजाही चुकली नाही. मी मात्र नुसता अंदाज मारत होतो.

"सुरवातीची घुंगरं आयकलीत ना?" लवूने विचारलं. दोघींनी माना डोलावल्या.

"कसली घुंगरं?" मी उसळलो. "वीस वेळा आयकलंय मी. घुंगरं नायतच त्यात! तिघं मिळून मला येडा बनवताय?"

लवू खाली मान घालून टॉवेलची घडी घालू लागला. खतिजाचे ओठ हलले.

"तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतेस?"

ती उठली, माझ्या कानाशी आली आणि ओरडली, "आमी भांडत नव्हतो! तुमाला आयकू येवा म्हणून वरडत होतो. तीन वर्सं झाली!"

 दुकानदारावर रागावायची सोय राहिली नव्हती. इंजिनरूमच्या कानठळ्या बसवणाऱ्या धडधडाटात नवीन आलेली पोरं कानात कापूस कोंबायची, तेव्हा आम्ही जुने त्यांना हसायचो. 'कापूस बायकांनी घालावा' हे वाक्य तर माझंच होतं. टाळ्या घेतल्या होत्या मी त्यावर. त्या माणसाची मानगूट धरावी असं वाटत होतं, आणि तो इथेच माझ्या खुर्चीत बसला होता. आकड्यांचे सूर करणारा डबा जगात मिळतो, पण फुटलेल्या कानांचं काय करायचं? माझी घुंगरं मीच घालवली होती.

नसीमा माझ्यासमोर येऊन बसली. डोळे भरलेले. काहीतरी सांगत होती, पण सकाळचा हुकूम पाळून, अगदी हळू. बापाचा शब्द मोडायची तिला सवय नाही.

मी तिच्या ओठांकडे बघत राहिलो. एक अक्षर कळलं नाही.

"वरड गो," मी म्हणालो. "वरड."